दोन-आठ

बांगडी राहते मनगटावर,
पण मनगटाचं माप कुणी घेत नाही.
अंगठा तळहातात दुमडायचा, करंगळीकडे ओढायचा,
आणि बोटांच्या मुळाशी हाडं जिथे सगळ्यात रुंद होतात
तिथून कागदाची पट्टी फिरवायची.
राहायच्या जागेला कोण विचारतं,
वाटेतलं हाड मोजायचं.

हे भाऊंनी शिकवलं, मी सात वर्षांची असताना,
घडियाळी पोळातल्या याच पाटावर,
स्वतःचा हात पुढे करून.
इंच आणि आणे: दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ.
नाण्यातले आणे गेले, बांगडीतले राहिले.

उन्हाळ्यात पंखा बंद. ज्योत हलते.
चांदीची कांब जंतराच्या भोकांतून ओढत आणते,
मोठ्या घरातून लहान घरात.
दर तिसऱ्या घराला ती हट्टाला पेटते,
मग पुन्हा तापवायची, मंद गुलाबी होईतो,
पाण्यात सोडायची. चुर्र.
की परत मऊ.
दोन तारा जोडून एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं हातड्रिलला,
आणि पीळ.
लांबी व्यासाच्या तिप्पट, वर सातवा हिस्सा,
शिवाय तारेची जाडी. ती विसरलं
की बांगडी एक नंबर लहान, आणि गिऱ्हाईक म्हणतं,
भाऊ होते तेव्हा असं नव्हतं हो.

शितोळे आले ते माप घेऊनच.
प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात पस्तीस वर्षं फिटर.
मोटारीच्या वाइंडिंगची तांब्याची तार, दोन खुणा केलेली.
"दोरा ताणतो," मी काही म्हणायच्या आतच म्हणाले.
"दोनशे मिलिमीटर, अर्धा कमी."
म्हणजे दोन-आठ. पण बाईंनाच आणा ना,
हात बघितल्याशिवाय मी तार कापत नाही.

ते थोडा वेळ ऐरणीकडे बघत राहिले.
डावी मूठ मिटलीय तिची, दिवाळीपासून.
डॉक्टरांना उघडत नाही, मालिशवाल्या मुलीला नाही.
रात्री दीडच्या सुमाराला आपोआप उघडते,
झोपेत.
तेव्हा घेतलं.
तार गार लागू नये म्हणून
आधी माझ्या मुठीत धरून ठेवली होती.

मी उघडी बांगडी केली.
शहाणपण माझं: बाजूने चढवा, बाजूने काढा,
टोकांना दोन मणी, बोचायला नको.
तिसऱ्या दिवशी परत आली, फडक्यात गुंडाळून.
"अनसूयाला आता चार-पाचच शब्द येतात.
त्यातला एक हिच्यावर खर्च केला.
तुटकी."

मग बंद केली.
टाकणखार, डाखाचा कण मोहरीएवढा,
फुंकणीतला श्वास असा सोडायचा
की सांधा वाहील आणि पीळ शाबूत राहील.
लाकडी मोगरीनं गोल, रिठ्याच्या पाण्यात पांढरी.
सांधा माझ्याच नखाला सापडेना
तेव्हा दिली.

चढवणार कशी, माहीत असून विचारलं.
"दीड वाजता," म्हणाले,
ड्यूटी सांगावी तसं.

आठवडाभर मलाही दीडला जाग येत होती.
उकाडा होता.
सुरसागराकडून कुत्री भुंकायची,
आणि मी अंधारात अंगठा दुमडून बघायची
माझा हात अजून किती लहान होतो.

मग ते आले, थोडे पैसे बाकी होते त्याचे.
कसं झालं ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
म्हणाले, उजव्यालाही करा एक,
सकाळपासून तो हात पुढे करून बसलीय.
तो चालतो. त्याचं माप जागेपणी घेतलंय.
दोन-सहा.

पावती केली:
पिळाची बांगडी, चांदी, जोड एक.
मापाच्या रकान्यात दोन आकडे मावेनात,
एक वर लिहिला, एक खाली.