थांबू दे

माझं नाव तोक्तोसुन. आमच्या किर्गिझ बोलीत: थांबू दे.
माझ्याआधीची तिघं पाळण्यातूनच निघून गेली,
म्हणून आईनं नावातच खुंटा ठोकला.
मी थांबलो. अठ्ठावन्न वर्षं, आत-बाशीत, त्याच गल्लीत.
गाडीला कुणी नाव ठेवलं नाही.
ती माझंच ऐकून थांबते.

बापाला मिळालेली, अठ्ठ्याऐंशी साली.
शंभर मेंढ्यांमागे एकशे तीस कोकरं जगवली
म्हणून सरकारी फार्मचं बक्षीस: निळी इझ.
एक सिलिंडर, दोन स्ट्रोक,
आणि दुखणी किती ते विचारू नका.

आज प्लग काढला. काळाकुट्ट, ओला.
घासला, पुसला, चुलीवर शेकून परत बसवला.
किक.
किक.
इंजिन म्हणालं, हुं.
जेवायला वाढलंय म्हटल्यावर
रुसलेला माणूस म्हणतो तसं.
मग दांडा उलटला आणि नडगीवर बसला,
जुन्या निळ्या डागाशेजारी नवा.

एकतीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं मी.
फळ्यावर खडूनं ठिणगी काढायचो,
ती दरवेळी पडायची.
इथं हवा विरळ, समुद्र दोन हजार मीटर खाली कुठंतरी,
म्हणून कार्बोरेटरची सुई एक खाच उतरवायची,
हे मला कळतं.
उतरवली. खोकायला लागली.
चढवली. धुरानं अंगण भरलं.
दोन खाचांच्या मध्ये जी खाच नाही
तिथंच ती नीट चालणार आहे.

सायलेन्सरचा नट पाइपाशी एकजीव झालेला.
त्याला रॉकेल पाजलं, रात्रभर भिजू दिलं,
सकाळी दोन शब्द गोड बोललो.
फिरला!
फिरला तो पाना, नटाचे कोपरे खाऊन.

भिंतीपलीकडं बात्मा शेणाच्या विटा रचत होती.
म्हणाली, घोडा घे रे मास्तरा.
घोडा निदान मेल्यावर खाता येतो.

कुबात मॉस्कोत असतो, माझा धाकटा,
बिनआवाजाच्या स्कूटरवरून लोकांची जेवणं पोचवतो.
फोनवर त्याचं नाकच दिसतं, आणि मागं बर्फ.
भंगारात घाल, अता, मी पैसे पाठवतो.
त्याला वाटतं प्रश्न पैशाचा आहे.
थोडा आहेही.
रविवारी जनावरांच्या बाजारात, अगदी टोकाला,
ताडपत्रीवर सुटे भाग मांडून बसतो एकजण,
पोराबाळांची शपथ घेऊन
अस्सल म्हणून चिनी बेअरिंग हातात ठेवतो.
मी सगळं कळून घेतो.
शपथेचे पैसे वेगळे पडतात.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी
हत्यारं फडक्यात गुंडाळली, हात राखेनं धुतले,
आणि आत जाता जाता, नुसत्या सवयीनं,
जुनी चप्पल लाथाडावी तशी
एक किक मारली.

पेटली.

कुत्रं दोन उड्या मारून कोंबड्यांच्या खुराड्यात शिरलं.
मी तिला फाटकापर्यंत नेली, कालव्यापर्यंत नेली,
पुलाआधी वळवून परत आणली.
पुढं न्यायची छाती झाली नाही.
बंद करायचीही नाही.
तशीच अंगणात उभी केली, धडधडत,
टाकीवर कप टेकवून चहा प्यायलो.
चहावर बारीक बारीक लाटा.

भिंतीवरून बात्मानं हाक मारली, तोक्तो...
मी हातानंच तिला गप्प केलं.
नाव नको घेऊस बाई. आत्ता नको.

मग खिशात काहीतरी टोचलं.
काढून पाहिलं तर एक वायसर,
झिजून कागदासारखा पातळ, तेलकट.
कुठला राहिला कोण जाणे.
तिच्याकडं पाहिलं, वायसराकडं पाहिलं,
आणि हळूच, तिला दिसणार नाही असा,
परत खिशात टाकला.