सातवा हात

माझं नाव आधार हिलाल पेंटर.
कार्डाच्या आधीचं नाव, आईनं कानबाईपुढं मागून घेतलेलं.
धरणगावात, बंद जिनिंगमागच्या शाळेची पश्चिमेची भिंत,
बावीस फूट बाय अकरा,
माझ्याकडे असते.
तिच्यावर जग असतं.

जग बदललं की डबे येतात.
पूर्वी आधी पत्र यायचं, मग डबे.
आता नुसते डबे, झाकणावर रंगाचा नंबर
आणि आत चिठ्ठी, कोणता कुठं.
पहिल्या वर्षी निळ्यानं हिरव्याला गिळलं.
दिवाळीनंतर हिरवा परत आला, पण दुसऱ्या नावानं.
मग एक करडा आला, त्याला कडाच नव्हती.
चिठ्ठीत होतं : समुद्रावरही द्यावा.
दिला.
मजुरी चौरस फुटावर आहे, आणि समुद्र मोठा आहे.

वडील सांगत, त्यांच्या आज्यानं याच भिंतीवर
साहेबाचा गुलाबी दिला होता.
त्याच्याही आधी गावात वखार होती.
‘तेव्हा ते कापड मोजायचे,’ वडील म्हणत,
‘मग जमीन मोजली. मग डोकी.’
पुढं काय मोजतील ते सांगायच्या आत गेले.

आता झोप मोजतात.
गिरणेचं पाणी मोठ्या पाइपातून माळावर जातं,
तिथं बिनखिडक्यांच्या इमारती आहेत,
आत काहीतरी सतत तापतं
आणि ते निववावं लागतं.
आम्हाला नळ अकराव्या दिवशी.
शाळेची घंटा रात्री दोनला होते,
ज्यांच्यासाठी शाळा चालते त्यांच्याकडे तेव्हा उजाडलेलं असतं.
पोरं पेंगत पेंगत पडद्यावरच्या चित्रांना नावं देतात :
हे झाड.
ही गाय.
हा माणूस.
हा माणूस नाही.

पाहणीला एक बाई येतात. नाव सांगत नाहीत.
मराठी आमच्यापेक्षा शुद्ध.
मी ‘पानी’ म्हटलं की हसून दुरुस्त करतात,
‘पाणी. जीभ वर न्या, आधारजी.’
मी जीभ वर नेतो.
कोरडीच असते.

परवा सातव्यांदा डबे आले. सगळ्यांवर एकच नंबर.
चिठ्ठी : संपूर्ण जग पांढरे करावे.
व्यवस्था पूर्ण झाली असून नकाशाची आवश्यकता उरलेली नाही.

शिडी लावली. हातात पत्रा घेतला.
जुने पोपडे न काढता वर हात दिला तर धरत नाही,
हे कुठल्याही राज्यात खरं आहे.
करडा पडला, निळा पडला, दोन्ही हिरवे एकाच ढलपीत पडले.
मग गुलाबी. तो निघेना,
जुन्या लोकांनी त्यात काय कालवलं होतं कोण जाणे.
गुलाबीखाली चुना.
चुन्याखाली, बोटभर जागेत, गेरू.
एक गोल, त्यातून निघालेली वाकडी रेघ.
विहीर असेल आणि पाट.
किंवा पणज्यानं नुसता कुंचला पुसला असेल.

निंबा भिलाची कोकिळा शाळेतून सुटून तिथं थांबली.
डोळे लाल, बोटं अजून हवेत काही दाबत असल्यासारखी.
‘आधारबाबा, आपलं गाव हाई शे का?’
म्हटलं, माहीत नाही पोरी.
‘माहीत नाही’ असं बटण त्यांच्या पडद्यावर नाही.
तिनं गेरूवर बोट टेकवलं,
सवयीनं, क्षणभरही न थांबता, बोलली :
हे गाव.

बाई उद्या येतील.
भिंत पांढरी झाली आहे, पावणेबावीस फूट म्हणा.
सोडलेल्या जागेवर दुपारभर
जिनिंगच्या धुराड्याची सावली असते.
चारनंतर ती सरकते.
बाईंच्या घड्याळात तेव्हा किती वाजतात
मला ठाऊक नाही.