कडेची तांबडी रेघ

ओनेझिम थेरिओ मंगळवारी यायचा.
शुक्रवारी कधीच नाही. शुक्रवारी कागद गिरणीचा पगार,
रांग दाराबाहेर बर्फात,
आणि पगाराच्या रांगेत आपला छंद घेऊन उभं राहू नये,
असं तो म्हणायचा. टोपी काढून.

त्याला हव्या असायच्या दहा सेंटच्या गुंडाळ्या,
लोकांनी घरी हातानं वळलेल्या असल्या तर बऱ्या.
"असतील तरच हं. माझ्यासाठी ड्रॉवर रिकामा करू नका,
दुपारी लाँड्रीवाली येईल मोड मागायला."

रमफर्डमध्ये बँका दोन. आमची, आणि पुलापलीकडची.
न्यायचं आमच्याकडून, भरायचं पलीकडे.
ज्या ताटातून उचललं
त्याच ताटात उष्टं टाकू नये.
पलीकडे त्यानं थोडी शिल्लकही ठेवलेली,
नुसतं ओझं टाकायला जाणं बरं दिसत नाही म्हणून.

एकदा भर थंडीत धापा टाकत परत आला:
"हिच्यात एक्कावन्न निघाली."
एक नाणं काचेखालून सरकवलं.
एकोणपन्नास निघायची तेव्हा
मला कधी कळलं नाही.
निघत असणारच. एकोणीस वर्षं मोजतेय मी,
माणसं कशी वळतात मला ठाऊक आहे.

पोर्टलंडहून एक पोरगा यायचा, कोल्बी नावाचा.
तपासून झालेल्या नाण्यांवर काळ्या मार्करनं फुली मारायचा,
पुन्हा हातात आली तर वेळ जायला नको.
त्याच्या फुल्या अजून गावात फिरतात,
पार्किंगच्या मीटरमध्ये, चर्चच्या थाळीत.
ओनेझिमला मी पाहिलंय,
बाकावर बसून, रुमालाला स्पिरिट लावून,
दुसऱ्याची फुली पुसताना.

मार्चमध्ये मी त्याला एक गुंडाळी दिली,
पिवळा पडलेला कागद, टोकं घट्ट मुडपलेली.
पुढच्या मंगळवारी ती तशीच परत.
"सगळी चांदी," तो कुजबुजला.
"पन्नासच्या पन्नास. एकाच्याही कडेला तांबडी रेघ नाही.
आणि कागदाच्या आतून बघा, पेन्सिलीनं:
*रोलँड. बंदुकीसाठी. १९६१.*"

"पाच डॉलर मोजलेत, तुमची झाली. कायद्यानं—"

"कायदा आहे हो.
कुणी भरली ते मला सांगू नका.
फक्त विचारा, माहीत होतं का."

मला माहीत होतं कुणी भरली.
लोरेट आली तेव्हा तिला सांगितलं, किंमतही सांगितली,
वीसपट तरी.
तिनं चष्मा लावला, नाणी बाजूला सारली,
कागद वाचला.
"बंदूक काही घेतली नाही त्यानं," म्हणाली, आणि हसली,
आणि कागदाची चौकोनी घडी करून पर्समध्ये ठेवली.
"नाणी त्यालाच द्या. एवढं विचारलंन ना."

मग मी नव्या कागदात ती वळायला घेतली.
दुपार, कुणी नाही, हीटर घुरघुरतोय.
माझ्या पाकिटातलं एक आत गेलं,
आतलं एक बाहेर राहिलं.
मोजणी पन्नास. संध्याकाळी हिशेब सेंटला सेंट जुळला.

हजार मळक्या कडांत एक पांढरी कड
ज्याला खिडकीच्या उजेडात लांबून दिसते,
त्याला एकोणपन्नास पांढऱ्यांत
एक तांबडी दिसली नसेल?

त्यापुढच्या मंगळवारी मीच विचारलं, "सगळं ठीक होतं ना?"

"पन्नास," तो म्हणाला.
"पूर्ण पन्नास."
आणि नेहमीसारखं,
"असतील तरच हं."

ते नाणं माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे.
फरशीवर पडलं तर
इतर नाण्यांपेक्षा जरा जास्त वेळ वाजतं.
मी पडू देत नाही.