सातवा भाग

रुवीत, घड्याळ दुरुस्तीच्या दुकानामागे
जुनी पुस्तकं विकतो आम्ही.
मालक बलुची. वाचत नाही, तोलतो.
अंतराळ, राक्षस, जादू, जपानी चित्रकथा,
त्याच्या वहीत या सगळ्याचं एकच खातं: खोटं.
ते माझ्याकडे.

प्रत्येक पुस्तकाला रबर लावून चिठ्ठी अडकवतो.
इंग्रजी मोडकं, विचार दाभोळचा.
तारे देत नाही.
तारे इथे फुकट आहेत, शहराबाहेर
अर्धा तास डोंगराकडे गेलं की.

'राजपुत्र मूर्ख आहे, घोडा शहाणा. घोड्यासाठी घ्या.'
'ड्रॅगन दोनशेव्या पानावर येतो, तोही झोपेत.'
'मंगळावर पाणी आणलंय, पण ज्यांनी पाइप टाकले
त्यांची नावं नाहीत. तरी वाचा. नावं तुम्ही घाला.'

ही शेवटची चिठ्ठी वाचून
पाइपलाइनवरचे चौघे एकदम आले होते.
प्रत एकच. वर्गणी काढून नेली.

मग एका शुक्रवारी सुबैर पुस्तक परत घेऊन आला.
जहाजदुरुस्तीच्या यार्डात वेल्डर, कोझिकोडचा,
भुवया कायम थोड्या जळलेल्या.
मी लिहिलं होतं: 'उत्तम. काळाचं गणित चोख.'
यानात एक वर्ष जातं, पृथ्वीवर बावीस.
बाप उतरतो तेव्हा लेक त्याच्याच वयाची.

गणित चोख आहे, तो म्हणाला.
माझी पोरगी फोनवर पाहुण्याशी बोलावं तशी बोलते.
पण भाई, हे चिठ्ठीवर लिहायचं ना,
रात्रपाळीत वाचू नका म्हणून.

पैसे मागितले नाहीत.
चहाही अर्धाच प्यायला.

त्या रात्री शटर ओढून
एकशे चाळीस चिठ्ठ्या उतरवल्या.
सगळ्यांत पुस्तक होतं.
वाचणारा एकीतही नव्हता.

आता विचारतो आधी: खोलीत किती जण झोपता?
दिवा कोण विझवतं? सुट्टी कधी?
लोकांना वाटतं मी कंपनीचा माणूस.

मांगा मात्र मला कुणी शिकवावी लागली नाही.
सकाळी मदरशात उजवीकडून,
दहा वाजता मराठी शाळेत डावीकडून,
पान कुठूनही उलटलं तरी गोष्ट पुढेच जाते
हे सातव्या वर्षीच कळलेलं.
आपली माणसं तक्रार घेऊन येतात:
बांधणी उलटी आहे, कमी करा.
मालक कमी करतो.

थुरय्याला तेही सांगावं लागलं नाही.
तेरा वर्षांची, शाळेच्या गणवेशात,
वडील बाहेर गाडी चालूच ठेवून बसलेले.
सावली गहाण टाकणाऱ्या मुलीची मालिका, अकरा भाग.
सातवा नाही.
कुठल्या तरी कुटुंबाच्या खोक्यातून
मनिलाला गेला असेल.

मी लिहिलं: 'सहानंतर थेट आठ.
मधलं सगळं तिच्या तळहाताच्या जखमेत आहे.'
थुरय्याने चिठ्ठी वाचली,
माझ्याकडे पाहिलं, बेशिस्त दुकानदाराकडे पाहावं तसं,
आणि आठवा न घेताच गेली.

तीन आठवड्यांनी गणिताची वही आणली.
चौकटीचौकटींत पेन्सिलने सातवा भाग.
मी लढाई शोधत होतो. लढाई नाही.
मुलगी सावकाराकडे जाते, सावली मागत नाही,
नुसती बघते: भिंतीवर हजार सावल्या टांगलेल्या,
आपली कुठली ते तिला ओळखू येत नाही.
घरी येऊन ट्यूनाचा डबा उघडते.
तळहात कापतो.

पुढची दोन पानं कोरी.
विचारलं, राहिली का?
म्हणाली, नाही, ती तिथे रडते.

चिठ्ठी लिहायला मला चार दिवस लागले.
'सातवा. उजवीकडून सुरू. हात छान, मांजर जमलेलं नाही.
कोरी पानं घाईने उलटू नका.
विक्रीस नाही, इथेच बसून वाचा.'

मालकाने वही तोलली. एकशे दहा ग्रॅम.
कुठल्या खात्यात, विचारतोय.

थांबा म्हटलं.
सुबैर वाचतोय अजून, उभ्यानेच,
हातमोजे काखेत धरून.