सतरा नंबरचा माईक

आमच्या नगरपालिकेच्या सभागृहात सत्तावीस माईक,
सगळे मीच जोडलेत.
सव्वीस एका बाजूचे.
सतरा नंबर नेमगोंडा मगदुमांचा,
खांबाआड, जिथं कृष्णेच्या पुराची रेघ
रंग काढला तरी परत उमटते.

मगदूम फार बोलायचे असं नाही.
हळदीच्या पेठेतला हिशेबी माणूस.
टोपी काढून मांडीवर ठेवायचे, मग बटण दाबायचे,
"अध्यक्ष महाराज, पाणी दिवसाआड का येतंय?"
समोरून हशा.
कोणतरी म्हणायचं, "का, आंघोळ राहिली व्हय?"
तरी उत्तर द्यावं लागायचं.
जालिंदरअण्णा कागद चाळायचे, इंजिनिअरकडं बघायचे,
इंजिनिअर घाम पुसायचा,
आणि पुढच्या महिन्यात एखादा व्हॉल्व्ह बदललेला असायचा.

गेल्या दिवाळीत मगदूमही तिकडं गेले.
पोराच्या गोदामाचा परवाना अडला होता म्हणे.
हार अण्णांनीच घातला.
फोटोत मगदूम हसतायत,
टोपी हातात धरलीय, कुठं ठेवावी ते कळत नसल्यासारखी.

तेव्हापासून सभा अकरा मिनिटांत उरकते.
"विषय क्रमांक चौदा."
मंजूर.
"पंधरा."
मंजूर.
सोळा म्हणायच्या आतच सोळा मंजूर झाला एकदा.
विषय काय होता, ते लिपिकानं मागनं मला विचारलं.
मला!

आणि मग शिट्टी सुरू झाली.
अण्णा बोलायला लागले की कर्ण्यातनं आधी बारीक,
मग कान फाडणारी.
"काढ रे ती."
वायरी बदलल्या, कुपवाडहून नवा अँप्लिफायर आणला,
जाड पडदे लावले, खर्चासह, एकमतानं.
शिट्टी जाईना.

मी म्हणालो, अण्णा, हा बिघाड न्हाई.
कर्ण्यातला आवाज परत त्याच माईकात शिरतोय,
तिथनं परत कर्ण्यात,
दर फेरीला मोठा होऊन.
"मग आवाज कमी कर."
केला तर तुमचाच कमी हुईल.
ते माझ्याकडं बघत राहिले.

माझे आजोबा मिरजेत तंबोरे करायचे.
जवारी लावताना तार आणि घोडी यांच्यामध्ये
सुताचा धागा सरकवायचे,
केसभर इकडं, केसभर तिकडं,
आणि कान लावून बसायचे.
मला वाटायचं, धागा तारेला अडवतोय.
एकदा ओढून काढला.
तार वाजली, पत्र्यासारखी.
आजोबांनी मारलं नाही.
"आता दिवसभर हीच ऐक," एवढंच म्हणाले.

देशाचं मला कळत नाही.
तिथले माईक कोण जोडतं तेही ठाऊक नाही.
टीव्हीवर ते मोठं सभागृह दाखवतात तेव्हा
मी माणसं बघत नाही,
शिट्टी येते का तेवढं ऐकतो.

परवा सभा संपली, गाड्या गेल्या.
मी वायरी गुंडाळत होतो.
अण्णा एकटेच परत आले.
खुर्चीकडं गेले नाहीत, खांबाआड गेले.
सतरा नंबरवरची धूळ रुमालानं पुसली.
"ह्यो चालू हाय का?"
केला.
लाल दिवा लागला, कित्येक महिन्यांनी.
अण्णांनी समोर बघितलं, स्वतःच्या रिकाम्या खुर्चीकडं,
"अध्यक्ष महाराज," म्हणाले
आणि थांबले.
शिट्टी नाही. आवाज स्वच्छ.
"पाणी…"

मी धावत जाऊन पेला आणला.
उभ्यानं प्याले.
जाताना म्हणाले, "ह्यो माईक बरा हाय की."

तहान लागली होती
का विचारत होते,
इतिवृत्तात काहीच नाही.
मी मात्र पेला माझ्या बाटलीतनं भरला होता.
पालिकेच्या नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं.