कोपर

हर्षालीला वक्तृत्व स्पर्धेत विषय आलाय,
‘मानवी जीवनात प्रेमाचे स्थान’.
वेळ चार मिनिटं.
मावशी, दोन-तीन मुद्दे सांग ना, म्हणते फोनवर.
मी देवपुरातल्या मेडिकलच्या काउंटरवर
कुणाच्या तरी खोकल्याचं बिल करतेय.

मुद्दे नाहीत गं माझ्याकडे.
एक कोपर आहे.

नंदुरबारला गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या.
दिवाळीनंतर जमीन अशी लाल
की डोळे मिटले तरी लालच.
केवळबाई, म्हणजे माझी आई, तिथं देठ खुडायची.
संध्याकाळी यायची ती दोन्ही हात
अंगापासून लांब धरून,
कुणी दुसऱ्यानं सांभाळायला दिल्यासारखे.
ताकात बुडवायची, राखेनं घासायची, गोडं तेल चोळायची.
आग तळव्यात बसून राहायची, घरच्यासारखी.

ताप आला की ती कपाळाला कोपर टेकवायची.
मला वाटायचं, आया अशाच असतात,
कोपराच्या.

वेणी बाबा घालायचे. वाकडी.
काजळ तेच, धाकट्याची अंघोळ तेच.
गल्लीतले त्यांना ‘उखाबाई’ म्हणायचे.
ते ऐकून घ्यायचे आणि टॉवेल पिळायचे.
शहाद्याच्या एका लग्नात आईच्या डोळ्यात कुसळ गेलं
तर हा माणूस भरल्या पंगतीतून उठला,
तिची पापणी उलटी करून फुंकर मारत उभा.
सगळा मांडव बघत होता. वरण थंड होत होतं.

गोड बोलल्याचं म्हणशील तर आठवत नाही.
भांडणं पुष्कळ.
एकदा छत्रीवरून पंधरा दिवस अबोला.
त्या पंधरा दिवसांतही रोज दिवेलागणीला
उंबऱ्याशी ताकाचं भगोणं असायचं.
ठेवलंय, असंही कुणी म्हणायचं नाही.

पथारी सुटून आता अकरा वर्षं झाली.
मागच्या महिन्यात बाबांचा मोतीबिंदू काढला.
थेंब दिवसातून चारदा.
मी बाटली आईपुढे धरली
तर तिनं हात मागे घेतले.
“मना हात तिखा शेतस.”
अगं, अकरा वर्षं!
ती मोरीत गेली. साबण. पुन्हा साबण.
मग राख कुठाय विचारलं. गॅसच्या घरात राख कुठली.
शेवटी ताक.
मी औषधवाली, नको म्हणायला हवं होतं.
म्हटलं नाही. नंतर परत साबण लावायला लावला, एवढंच.

बाबा खाटेवर उताणे, काळा चष्मा छातीवर.
“टाक वं केवळ. मी डोया उघाडा ठेवस.”

आणि ठेवला.
पहिला थेंब गालावर.
दुसरा कानाकडे ओघळला.
तो डोळा मिटला नाही.
मिरचीचा हात जवळ आला की कुणाचाही मिटतो,
माझा तर लांबूनच मिटला होता.
तिसरा आत गेला.
आईनं बाटली ठेवली
आणि धुतलेले, कोरडे हात तसेच हवेत धरून
कोपरानं त्यांचा गाल पुसायला लागली.

हे चार मिनिटांत बसणार नाही, हर्षाली.
तू थोरामोठ्यांची वाक्यं घे, बक्षीस मिळेल.
पण विषयात ‘स्थान’ असं लिहिलंय ना?
मला एकच ठाऊक आहे.
हात दुमडला की बाहेर येतं ते हाड.

थांब जरा,
गिऱ्हाईक आलंय.