शेजारचं घर

टोपल्यातून चिठ्ठी निघाली: घर सदतीस.
कुलूप.
कुमरे मिरची तोडायला तेलंगणात गेलेले,
लेकरासकट.

"शेजारचं घ्या ना जी," जैवंता म्हणाली,
"बाई घरीच हाये. चहा बी मांडला."

चहा घेतला. सुई नाही काढली.
घरी बसणं ज्यांना परवडतं
त्यांचंच रक्त मोजत राहिलो
तर कोरचीत कुणीच अशक्त नाही
असं छापून येईल,
आणि आकडेमोड बिनचूक असेल.

चैत्रात तिसऱ्यांदा गेले. दार उघडं.
अंगणात मोहफुलं वाळत घातलेली.
बोट टोचलं:
सहा पॉइंट चार.

"आमचंच घर कसं निंगालं जी?"
चिठ्ठी दाखवली. घामानं सात पुसटलेला.

ती बोट दाबून धरत म्हणाली,
"मंग येवढा उशीर काऊन?"